आधी पाणी, माणूस शेवटी

काका भिंतीतून बोलायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं कुणाला खरं वाटत नाही.

आमच्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी, दगडी भिंतीत, वीतभर रुंदीचं एक भोक होतं. त्याला लाकडाचं इवलंसं दार. दाराच्या अलीकडं आमचं घर आणि पलीकडं गिरणी, पाण्यावर चालणारी, म्हणजे चालायला पाहिजे होती अशी. मी छकुलीला पाजत बसलेली असायची, आठ महिन्यांची होती ती तेव्हा, आणि टक टक टक.

"सूनबाई, मोकळ्या आहात का?"

मी दचकायची, ओढणी सावरायची, भोकात उशी कोंबायची आणि उशीतून म्हणायची, "हो काका." घरमालकाला नाही कसं म्हणणार.

"हे भोक कशासाठी ठेवलंय, सांगा बघू."

चाळीस वेळा सांगून झालेलं. तरी मी म्हणायची, "नाही माहीत, काका." माहीत आहे म्हणलं की त्यांचा आवाज एकदम पडायचा, मला वाईट वाटायचं.

मग उशीपलीकडून सुरू. ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सचा तो समुद्रात घुसलेला कोपरा, तिथं जुन्या पाणचक्क्या अशाच असतात. एकाच छपराखाली गिरणी आणि घर. गिरणीवाला ह्या भोकाशी डोकं ठेवून झोपणार. कारण दाणा संपला की दगडावर दगड घासतो, ठिणगी उडते, पीठ पेटतं, सगळं खाक. म्हणून झोपेतसुद्धा कान गिरणीत. "आधी पाणी," काका म्हणायचे, "मग बांध, मग चाक, मग दगड. माणूस शेवटी. माणूस हा गिरणीचा स्पेअर पार्ट आहे, सूनबाई. मोडला की दुसरा बसवायचा."

मी मान हलवायची. उशीला काय दिसणार, पण हलवायची.

हे तेव्हा अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत होते, मातीवर पीएचडी करत होते. दोन हजार सहा साली मी आणि छकुली इकडं आलो, सप्टेंबर संपत आलेला, आणि त्या गावात घरं ऑगस्टला मिळतात ती ऑगस्टलाच, नंतर आलेल्यानं कुठं जायचं कुणी सांगत नाही. ह्यांना इंडियन दुकानाच्या बोर्डावर एक चिठ्ठी दिसली. मराठी फॅमिली प्रिफर्ड, मस्ट लाइक साउंड ऑफ वॉटर. हे म्हणाले, घेऊन टाकू, पाण्याचा आवाज कुणाला आवडत नाही. ह्यांना नुसतं बोलायला. दिवसभर हे कॅम्पसवर, आणि मी त्या ओढ्याकाठी, काळ्या दगडाच्या घरात, हातभर जाडीच्या भिंती, पाटीच्या दगडाचं शेवाळलेलं छप्पर, मागं तळं, तळ्याला बांध, आणि खिडकीखाली दोन पुरुष उंचीचं लाकडी चाक. दार इतकं बुटकं की ह्यांच्या कपाळाचं टेंगूळ पूर्ण सेमिस्टर उतरलं नाही. काका म्हणायचे, "ब्रिटनीत सगळे वाकून येतात. बिशपसुद्धा."

मला सगळ्याचीच भीती वाटायची. खोटं कशाला सांगू. चाकाची, तळ्याची, टोस्टरची, फोन वाजला तर, नाही वाजला तर. दुकानातली मुलगी हाऊ आर यू म्हणाली तरी मी ह्यांच्यामागं जायची. आणि सगळ्यात जास्त एका गोष्टीची. कॅम्पसच्या बस स्टॉपवर नागपूरकडच्या एक ताई भेटल्या होत्या, त्या म्हणाल्या, "सांभाळून हं, इथं बाळ रडलं तरी लोक फोन करतात. ऑफिसातनं बाई येते आणि बाळ घेऊन जाते." झालं. छकुली रडली की मी खिडक्या बंद करायची. अर्ध्या मैलात शेजारी नाही, फक्त गाई. तरी बंद.

आणि अजून एक भीती होती, आतली. ह्यांनी सगळीकडं सांगून ठेवलेलं, बायको बी.ए. आहे, सासऱ्यांचा बिझनेस आहे. मी नववी नापास. बिझनेस म्हणजे जालन्याकडं आमच्या खेड्यात पिठाची चक्की. मी चौथीपासून तिच्यावर बसायची, वडील शेतात गेले की. त्यामुळं काका काहीही विचारायला लागले की मला वाटायचं, आता हे विचारतील बी.ए.ला कोणता विषय होता. मी ठरवून ठेवलेलं, इतिहास म्हणायचं. पण काकांना इतिहास स्वतः सांगायचा असायचा, त्यांनी कधी विचारलंच नाही.

काका स्वतः मोठे इंजिनिअर, मिशिगनला गाड्यांचे गिअरबॉक्स करण्यात आयुष्य गेलेलं. कंपनीनं एकदा तीन आठवड्यांसाठी फ्रान्सला पाठवलं. तिथं रविवारी रस्ता चुकले, पाऊस लागला, एका पाणचक्कीत शिरले. म्हाताऱ्या गिरणीवाल्यानं काळ्या पिठाचं धिरडं खाऊ घातलं आणि निघताना आपली निळी टोपी दिली. बस, एवढंच. एवढ्यावर माणसाचं डोकं फिरलं. रिटायर झाल्यावर पेन्सिल्व्हेनियात ही पडकी गिरणी घेतली आणि ती ब्रिटनीच्याच गवंड्यानं बांधली असं ठरवून टाकलं. पुरावा काय, तर ते भोक, आणि दारावरचा आडवा दगड. त्यावर काहीतरी कोरलेलं होतं. सालाचे आकडे झिजलेले, खाली एक आकृती. काका म्हणायचे, पाद्र्याचा पेला. हे म्हणाले, बदक आहे. अंडी विकायला येणारा गोरा म्हातारा म्हणाला, "आमच्या आजोबांच्या वेळेपासून सगळे त्याला डुक्कर म्हणतात." काकांनी त्याच्याकडून अंडी घेणं बंद केलं.

त्यांची बायको, म्हणजे काकू, तिकडं मिशिगनात ट्रॉयला डॉक्टर. वर्षातनं दोनदा गाडी चालवत यायच्या, ओढ्याच्या पुलावर गाडी उभी करायच्या आणि हॉर्न वाजवायच्या. आत पाऊल टाकायच्या नाहीत. "मी काय पिठाच्या डब्यात राहू? आणि पीठ तरी आहे का डब्यात?" काच खाली करून एवढंच. काका ब्रिटनीतल्यासारखे लाकडी बूट घालून ठकठक करत पुलावर जायचे, मराठी माणूस, धोतरावर निळी टोपी, पायात लाकडाचे बूट, आणि गाडीच्या काचेतून भांडायचे. भांडण दातांचं. काकांचे पुढचे दोन दात पडलेले. गिरणीतल्या मोठ्या चक्राला लाकडाचे अठ्ठेचाळीस दात, सफरचंदाच्या झाडाचे, ते काका एकेक तासून बसवत होते. "आधी तिचे दात," ते म्हणायचे, "मग माझे." काकू म्हणायच्या, "तोवर तुझे अठ्ठेचाळीस पडतील."

दर रविवारी अकरा वाजता टूर. कुणी येवो न येवो. कुणी येतच नव्हतं. मग मी आणि छकुली. काका तळ्यापासून सुरू करायचे, "लेडीज अँड जेंटलमेन," छकुलीकडं बघून, आणि तासभर आम्हाला फिरवायचे. लाकडाचं पन्हळ, चाक, दातांचं चक्र, वर दगडांची जोडी, त्याच्यावर धान्याचं लाकडी नरसाळं, नरसाळ्यात दोरीला बांधलेली घंटा. दाणा आहे तोवर दोरी दाबलेली, दाणा संपला की सुटते, घंटा वाजते. छकुलीला ती घंटा फार आवडायची. शेवटी एका फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं. त्यात कुट्टू, तो काळा त्रिकोणी दाणा, ब्रिटनीत त्याचीच धिरडी करतात. बरण्यांवर चिठ्ठ्या, प्रयोग पहिला, प्रयोग दुसरा, अशा एकोणतीस. मी पहिल्यांदा विचारलं, "काका, ह्यातलं पीठ कोणतं?"

"पीठ अजून झालेलं नाही," काका म्हणाले. "दाणा जसा घातला तसा बाहेर येतो. पण हात लावून बघा, कोमट असतो."

सहा वर्षं माणूस कुट्टू कोमट करत होता.

आता माझी चूक सांगते. ऑक्टोबरात एक दिवस दुपारी टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या ऑफिसातली बाई आली. नुसतं छप्पर बघायला आली होती, नंतर कळलं. पण मी वरनं बघितलं, सरकारी गाडी, धिप्पाड गोरी बाई, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात कागद, आणि नेमकी छकुली सकाळपासून रडत होती, दात येत होते तिला. माझ्या डोक्यात एकच, आली. बाळ न्यायला आली. काका तिला खाली टूर देत होते, "आधी पाणी" झालं होतं, "मग बांध" चाललेलं, म्हणजे माझ्याकडं थोडा वेळ होता. मी छकुलीला उचललं, मागच्या जिन्यानं गिरणीत गेले, तिथं पिठाची मोठी लाकडी पेटी होती, पलंगाएवढी, अर्थात रिकामी. आम्ही दोघी पेटीत बसलो आणि मी झाकण ओढून घेतलं, बोटभर फट ठेवून.

काका टूरमध्ये काही गाळत नाहीत हे माझ्या लक्षातच नव्हतं. दगड झाले, घंटा झाली, आणि मग काका म्हणाले, "अँड हिअर, मॅडम, इज द फ्लावर चेस्ट," आणि त्यांनी झाकण उघडलं.

मी खाली बसलेली, छकुली मांडीवर. आम्ही वर बघितलं. ती दोघं खाली बघत होती.

"हाय," बाई म्हणाली.

"हाऊ आर यू," मी म्हणाले. तेवढंच यायचं.

"डझ शी लिव्ह इन देअर?" बाईनं काकांना विचारलं. आणि काका, देवा, काका म्हणाले, "नो नो. दिस इज नॉट इन द ओरिजिनल डिझाइन."

आठवड्यानं पत्र आलं. ह्यांनी वाचून दाखवलं. तिथं बायका-मुलं धान्याच्या पेटीत राहतात असं दिसतं, असं लिहिलं होतं. मग नियम. जुनी चालू गिरणी असेल तर तिच्यात गिरणीवाल्याला आपल्या कुटुंबासकट राहता येतं, तशी जुनीच सूट आहे. चालू नसेल तर ही राहायची जागाच नाही. सहा आठवड्यांनी परत येऊन बघणार. दळून दाखवा, नाहीतर घर रिकामं करा.

हे डोकं धरून बसले. "डिसेंबरात कुठं घर मिळणार? आणि पेटीत का बसलीस तू? मला एक सांग, पेटीत का?"

मी रडले. खिडक्या लावून रडले.

टक टक टक. "सूनबाई, घाबरू नका. प्रयोग तिसावा करतोय. पिलाला घेऊन या."

पाणी सोडलं. पन्हळातनं धो धो चाकावर, चाक कण्हलं, घरभर भिंती थरथरल्या, मी छकुलीला छातीशी धरून दाराला चिकटून उभी. दातांचं चक्र फिरलं, वरचा दगड फिरायला लागला, आणि मी पहिल्यांदा त्याचा आवाज नीट ऐकला. एरवी काका करायचे तेव्हा मी कानात बोटं घालायची. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, भीती गेली. म्हणजे बाकीची होतीच, पण त्या आवाजाची गेली. कारण तो आवाज चुकीचा होता. चक्की दळते तेव्हा घासल्यासारखी बोलते, दाणा चावत चावत. ही नुसती घरंगळत होती. दोन म्हशी शेजारी शेजारी चालल्यासारखे दगड चाललेले, एकमेकीला हात न लावता.

दाणे बाहेर आले. कोमट.

काकांनी बरणी काढली, चिठ्ठी लिहिली. मी म्हणाले, "काका, दगड एकदा उचलून बघता येतील का?"

"कशासाठी?"

"असंच."

गिरणीत एक लाकडी यारी होती, मोठा स्क्रू फिरवून दगड उचलायची. काकांनी वरचा दगड उचलला, पालथ्याचा उताणा केला. दोन्ही दगडांवर चरे मारलेले, इतके सुंदर, इतके सारखे, रांगोळीसारखे. सहा वर्षांचं काम. मी वाकून बघितलं. चूक दिसली. ती सांगायची तर मला कसं कळलं ते सांगायला लागणार.

छकुली कडेवर होती, काजळाची डबी ओढणीच्या गाठीत होती. मी ती काढली.

"काका, हात द्या. दोन्ही. पुस्तकासारखे उघडे."

त्यांच्या डाव्या तळव्यावर काजळानं एक तिरकी रेघ मारली. उजव्यावर तिच्यासमोर दुसरी, उलट्या दिशेला तिरकी. "हे तुमचे दगड. आता पुस्तक मिटा." मिटलं. रेघेवर रेघ बसली, एकच रेघ झाली. "बघा, चर चरावर बसतो. कापणार काय?" मग दोन्ही पुसून परत मारल्या, दोन्ही एकाच बाजूला तिरक्या. "आता मिटा." ह्या वेळी फुली झाली. "दोन्ही दगडांना चरे सारखेच मारायचे असतात, काका. वरचा पालथा घातला की आपोआप कात्री होते. दाणा त्या कात्रीत कापला जातो."

काका तळव्यांकडं बघत राहिले. "पण वरचा दगड पालथा असतो," हळूच म्हणाले. "म्हणून मी नकाशा उलटा करून घेतला. मुद्दाम. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसतं ते."

"हो ना," मी म्हणाले.

दोन दिवस भिंत गप्प. रविवारी अकरा वाजता टूर झाली नाही. मी आणि छकुली तळ्याशी जाऊन उभ्या राहिलो, कुणी आलं नाही. मला वाटलं, घर तर चाललंच, म्हातारा पण चालला माझ्या काजळापायी. तिसऱ्या दिवशी टक टक टक.

"सूनबाई, हे तुम्हाला बी.ए.ला शिकवलं?"

मी उशी काढली. भोकात त्यांचा एक डोळा दिसत होता.

"नाही काका. मी नववी नापास आहे. वडलांची चक्की आहे गावाला."

डोळा बराच वेळ मिटला नाही. मग भिंतीतून मोठा सुस्कारा आला. "देवा, वाचलो. मला वाटलं कुण्या बी.ए. झालेल्या बाईनं माझी सहा वर्षांची चूक काढली. दोन दिवस जेवलो नाही. गिरणीवाल्याच्या मुलीनं काढली, तर त्यात लाज कसली? वडलांचा नंबर द्या."

कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावला, स्पीकरवर. पलीकडं चक्कीचाच आवाज, आणि वडील ओरडून बोलत होते.

"साहेब, किती एचपीची मोटर?"

"मोटर नाही," काका ओरडले. "पाण्यावर आहे."

"पाण्यावर? आपल्या औरंगाबादच्या पाणचक्कीसारखी? का, तुमच्याकडं लाइट नाही?"

"लाइट आहे की. चोवीस तास आहे."

मग, "जात नाही? लोडशेडिंग?"

"नाही. कधीच नाही."

"आणि तरी पाण्यावर?" इतका वेळ कुणी बोलेना की मला वाटलं कार्ड संपलं. "आमच्याकडं बारा-बारा तास लाइट जाते, मी रात्र रात्र जागतो. साहेब, तुम्ही चेष्टा तर करत नाही ना?" मग काका त्यांना भोकाचं सांगायला लागले, बिशपचं, पाद्र्याच्या पेल्याचं, आणि वडील मध्येच म्हणाले, "ते राहू द्या. पोरीला टाकी धरू द्या. तिचा कान माझ्यापेक्षा चांगलाय. शाळा बुडाली तिची, ती माझ्या चक्कीपायी." आणि फोन कट झाला. लाइट गेली असणार.

तर मी टाकी लावली. टाकी लावणं म्हणजे छिन्नी-हातोडीनं दगडाला परत धार काढणं. वरच्या दगडाचे जुने चरे घासून काढायचे आणि नवे मारायचे. काका घासायचे, मी मारायची. छकुली झोळीत, झोळी यारीला टांगलेली, काका म्हणाले ब्रिटनीत असंच करत असणार. मी टोस्टर लावायला घाबरणारी बाई, पण त्या दगडावर मांडी घालून बसले की माझा चर केसभरही हलत नव्हता. एकदा छिन्नीचा कण उडून हाताच्या पाठीत घुसला. वडलांच्या दोन्ही हातांवर तसे काळे ठिपके आहेत, मोजता येणार नाहीत इतके. काकांनी तो ठिपका भिंग लावून बघितला आणि स्वतःच्या हाताकडं बघितलं. सहा वर्षं त्यांनी हातमोजे घातले होते.

ती बाई आली त्या दिवशी तळं पानांनी भरलेलं. पन्हळाच्या तोंडाशी पानांचा लगदा, पाणी थेंब थेंब. काका धोतर खोचून, लाकडी बूट घालून, त्या बर्फासारख्या पाण्यात उतरले. बूट तरंगले, काका नाही. कमरेपर्यंत उभे राहून हातांनी पानं काढत होते आणि ओरडून टूर देत होते, "फर्स्ट वॉटर, मॅडम!"

चाक फिरलं. मी दगडांशी उभी, छकुली कडेवर, लपवली नव्हती. आदल्या दिवशीच मूठभर कोंडा फिरवून दगडांची कचकच काढून टाकलेली. दाणा सोडला. आधी घरंगळ, मग मी दगड केसभर खाली घेतला, आणि चक्की बोलायला लागली. चावत, घासत, जशी आमची बोलते. आणि खालच्या तोंडातनं आलं, करडं, मऊ, गरम. पीठ. पिठाच्या पेटीत पीठ.

काका जिन्यावर उभे होते, पाणी निथळत. काही बोलले नाहीत. त्यांना न बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

बाईनं पीठ चिमटीत घेतलं, वास घेतला, कागदावर खूण केली. मग काकांना म्हणाली, "सो यू आर द मिलर. अँड दीज पीपल अपस्टेअर्स आर युअर फॅमिली?"

आता बघा. काकांना हो म्हणायचं होतं. सहा वर्षं तेच म्हणायचं होतं, सरकारी कागदावर, शिक्क्यासकट. पण गिरणीवाले ते ठरले तर राहता येणार त्यांच्याच कुटुंबाला, आणि त्यांचं कुटुंब पुलावर हॉर्न वाजवणारं. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही. माझ्याकडं बघितलं, छकुलीकडं, यारीला टांगलेल्या झोळीकडं. मग डोक्यावरची निळी टोपी काढली, पिळली, आणि माझ्या डोक्यावर ठेवली. ती डोळ्यांपर्यंत खाली आली. मला दिसेना, नुसतं ऐकू आलं.

"नो, मॅडम. शी इज द मिलर. आय ॲम," आणि ते थांबले, मग म्हणाले, "आय ॲम स्पेअर पार्ट."

बाईनं टोपीखाली वाकून विचारलं, "हाऊ लाँग हॅव यू बीन अ मिलर, हनी?"

मला वाक्य समजलं. सगळं समजलं, आणि भीती वाटायच्या आधीच तोंडातनं निघून गेलं, "फ्रॉम फोर्थ क्लास. नाइन्थ फेल, मॅडम."

तिनं ते लिहून घेतलं. आणि तेवढ्यात नरसाळं रिकामं झालं, घंटा वाजली, छकुली हसायला लागली.

घर राहिलं. नाताळला काकू आल्या, पुलावर हॉर्न. मी कुट्टूची धिरडी केली होती, ताट घेऊन पुलावर गेले. काच खाली झाली. एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं खाताना म्हणाल्या, "हे इथलं पीठ?" मी हो म्हणाले. त्या उतरल्या, आत आल्या आणि दारात कपाळ आपटून घेतलं. काका आतून म्हणाले, "वाकून. बिशपसुद्धा." त्या रात्री राहिल्या का विचाराल तर नाही. पण जाताना काकांना गाडीत घातलं आणि दात बसवून चौथ्या दिवशी परत आणून सोडलं.

आम्ही तिथं दोन हजार आठपर्यंत होतो. रोज सकाळी टक टक टक, "मालकीणबाई, पाणी सोडू का?" आणि मी कान भिंतीला लावून सांगायची. टूर चालूच होती, तीन-चार माणसं यायला लागली होती. बोलणं तेच, आधी पाणी, मग बांध, मग चाक, मग दगड. "अँड लास्ट," म्हणायचे आणि माझ्याकडं हात करायचे, आणि मी लाजून पेटीमागं जायची.

मग ह्यांना ट्रॉयला नोकरी लागली. इथल्या अपार्टमेंटच्या भिंती पातळ, पुठ्ठ्यासारख्या, पलीकडच्या बाईचा टीव्ही ऐकू येतो. मी अजून भिंतीकडं डोकं करून झोपते. हायवेला अजून घाबरते, ड्रायव्हिंगच्या टेस्टला दोनदा नापास झाले. फोन वाजला की अजून दचकते.

पण महिन्यातनं एखादी दुपार असते, फोन वाजतो, मी हॅलो म्हणते आणि पलीकडं माणूस बोलतच नाही. नुसता आवाज. पाण्याचा, आणि पाण्याखालून दगडाचा. काकांनी रिसीव्हर दगडाशी धरलेला असतो. मी छकुलीला गप्प बस म्हणून खुणावते, डोळे मिटते, ऐकते.

"जवळ आलाय, काका. केसभर उचला."

स्क्रू फिरल्याची किरकिर. आवाज बदलतो.

"आता?"

"आता बरोबर आहे," मी म्हणते, आणि ते फोन ठेवून देतात.